काटकसर आणि श्रम : उचगाव परिसरातील घरखर्चाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

घरखर्च कमी कसा करावा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गौण मानला जातो आणि इतिहासलेखनात तर त्याला क्वचितच जागा मिळते. सनदा, करार, सारावसुली, चळवळी यांच्या नोंदी दप्तरांत राहिल्या. पायलीभर जोंधळा घरात किती दिवस पुरवला गेला, याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. वस्तुतः सर्वसामान्य कुटुंबाचा राज्याशी, बाजाराशी आणि निसर्गाशी येणारा संबंध या साध्या प्रश्नातूनच अधिक स्पष्टपणे कळतो.

करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, हद्दीला लागून वसलेल्या या गावाच्या एका बाजूस शहर, दुसऱ्या बाजूस गांधीनगरची घाऊक बाजारपेठ आणि जवळच शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती आहेत. पुणे-बेंगळूरु राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. उसाच्या शेतीवर जगणारे शेतकरी, कारखान्यांतील कामगार, शहरात नोकरीस जाणारे आणि भाड्याने राहणारे अशी सर्व प्रकारची कुटुंबे येथे शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे खेड्याची बेगमी आणि शहराचा महिन्याचा बाजार या दोन्ही रीती येथे एकाच गल्लीत पाहावयास मिळतात.

कौटुंबिक अर्थव्यवहाराच्या पद्धतशीर नोंदीबाबत कोल्हापूर काहीसे भाग्यवान आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने न. वि. सोवनी यांनी केलेली कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी १९४८ ते १९५२ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि तिचा तिसरा खंड कौटुंबिक राहणीमानासच वाहिलेला आहे. परंतु ही पाहणी शहराची होती. शहराच्या वेशीबाहेरील गावांचा हिशेब प्रथा, शब्द आणि संस्था यांच्या आधारे जुळवावा लागतो. त्या आधारे प्रस्तुत लेखात एक मत मांडले आहे : घरातील काटकसरीने जे वाचले ते बव्हंशी स्त्रीच्या बिनमोल श्रमातून वाचले, खर्चात खरी घट मात्र कुटुंबे एकत्र आली किंवा राज्यसंस्थेने भार उचलला, तेव्हाच झाली.

उधळपट्टीचा आरोप

घरखर्चाविषयीची आधुनिक चर्चा महाराष्ट्रात सुरू झाली ती सल्ल्याने नव्हे, आरोपाने. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. शेतकरी कर्जबाजारी का झाला, याचे एक सोपे उत्तर त्या काळच्या सरकारी व सुशिक्षित वर्तुळांत तयार होते : तो लग्नकार्यांत पैसा उडवितो. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र लग्नसमारंभाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. सरकारनियुक्त आयोगानेच असे म्हणावे, ही बाब लक्षणीय होय. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना महात्मा फुले यांनीही या आरोपाचा समाचार घेतला आणि शेतकऱ्याच्या घरातील प्रत्यक्ष वस्तू, अन्न, वस्त्र यांचे वर्णन करून उधळण्याजोगे त्याच्यापाशी काही नाहीच, हे दाखविले.

फुल्यांच्या विचारात येथे एक वरवरचा विरोधाभास दिसतो. शेतकरी उधळ्या नाही असे म्हणणाऱ्या फुल्यांनीच विवाहाचा खर्च कमी करणारी विधिपद्धती रूढ केली. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. भटजीची दक्षिणा, मुहूर्त आणि अवडंबर यांना त्यात स्थान नव्हते. हा विरोधाभास नीट पाहिल्यास उरत नाही. दारिद्र्याचे खापर कुटुंबावर फोडणे ही एक गोष्ट. कुटुंबावर रूढीने लादलेला खर्च समाजाने मिळून काढून टाकणे ही निराळी गोष्ट. एकट्या बापाने मुलीच्या लग्नात हात आखडता घेतला तर भावकी नावे ठेवते. शंभर घरांनी घेतला तर ती रीत होते. घरखर्चाच्या इतिहासातील हा भेद पुढेही पुन्हा पुन्हा आढळतो.

कोल्हापूर संस्थानात १९११ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि राजर्षी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने करवीर परिसरातील गावांत या विचारांचा प्रसार झाला. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतील अनेक निर्णय सामाजिक सुधारणा म्हणून अभ्यासले जातात. ते घरखर्चाच्या वहीतून क्वचित पाहिले जातात. १९०१ मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्यानंतर निघालेली विविध समाजांची वसतिगृहे यांमुळे मुलाला शहरात ठेवून शिकविण्याचा खर्च खेड्यातील बापाच्या आवाक्यात आला. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. त्यापूर्वी १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यात आली होती. घरातील स्त्रीने कितीही हात राखून खर्च केला असता तरी या तीन बाबींइतकी बचत तिच्या हातून होणे शक्य नव्हते.

बेगमी

धान्य सुगीत घेऊन वर्षभर साठविणे, हा खेड्यातील काटकसरीचा सर्वांत जुना मार्ग. सुगीनंतर भाव उतरलेले असतात, पावसाळ्यात चढतात. हा फरक घरात राहावा म्हणून कणगी, पेव, उतरंड ही सारी व्यवस्था. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी जोंधळा, डाळी, मीठ, शेणी आणि वर्षाची चटणी घरात असणे, हे नेटक्या संसाराचे लक्षण मानले जाई. कोल्हापूर भागात ‘चटणी’ म्हणजे मिरची, कांदा, लसूण व मसाल्याचे वर्षाचे तिखट. उन्हाळ्यात मिरची वाळविणे, देठ खुडणे, मसाला भाजणे, कांडप करून आणणे आणि बरणीत दाबून भरणे हे काम पुष्कळ घरांत आजही होते.

बेगमीचे हे चित्र रम्य आहे. पण त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, सुगीत वर्षाचे धान्य घेण्यास सुगीतच रोकड हवी. ज्याच्याजवळ ती नाही, त्या मजुराला आठवड्याच्या बाजारात चिपट्या-मापट्याने धान्य घ्यावे लागे, तेही भाव चढलेले असताना. म्हणजे स्वस्त खरेदी करण्याची सोय मुळात ज्याची ऐपत होती त्यालाच होती. गरिबाला महाग पडते, हा नियम आजच्या लहान पुडीतल्या शांपूला आणि तेलालाही लागू आहे. अर्न्स्ट एंगेल या जर्मन सांख्यिकाने १८५७ मध्ये दाखवून दिले की, उत्पन्न जितके कमी तितका अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहणीपासून आपल्याकडेही असे अभ्यास होत आले. ज्याचा बहुतेक पैसा पोटातच जातो, त्याला ‘अनावश्यक खर्च टाळा’ हा उपदेश फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरी मर्यादा श्रमाची. साठविलेले धान्य आपोआप टिकत नाही. ते उन्हात घालणे, पाखडणे, निवडणे, राखेत वा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवणे, डाळीला एरंडेलाचा हात फिरविणे ही कामे वर्षभर चालतात, आणि ती पुरुषाने केल्याचे वर्णन सहसा आढळत नाही. जात्याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. पहाटे उठून दळण्यास पैसा लागत नसे. गिरणीत दळप टाकण्यास लागतो. निव्वळ काटकसरीच्या हिशेबाने गिरणी हा वाढीव खर्च होता. तरीही गिरणी आल्यावर बायकांनी जाते बाजूला सारले, आणि त्याबद्दल त्यांना उधळ्या म्हणणे कोणालाही शोभणार नाही. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करून हळहळणाऱ्या अभ्यासकांनीही ते दळण स्वतः दळलेले नसते, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

मध्यमवर्गीय घरासाठी या विषयावर छापील मजकूर लवकर उपलब्ध झाला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आले. १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. सुशिक्षित गृहिणी हाच या लेखनाचा वाचकवर्ग होता. उचगावसारख्या गावातील स्त्रीचे ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडीच गेले आणि मापे बदलली तरी ते टिकले. १९५७ मध्ये दशमान नाणी आणि पाठोपाठ मेट्रिक वजने आली. तरी ‘पायलीचा स्वयंपाक’ हा शब्दप्रयोग नंतरही बोलण्यात राहिला.

इंधनाचा हिशेब

अन्नाखालोखाल घरखर्चातील महत्त्वाची बाब म्हणजे इंधन. करवीर भागात शेणी आणि पाचट ही दोन इंधने जवळजवळ फुकटची. शेण गोळा करणे, त्यात भुसा कालवून थापणे, वाळवून रचणे हे काम स्त्रियांचे. उसाचा वाळलेला पाला म्हणजे पाचट. तो लवकर पेटतो आणि लवकर विझतो, म्हणून चुलीपुढून उठता येत नाही. फुकटच्या इंधनाची किंमत अशी वेळेत व धुरात मोजावी लागे. शिवाय जळालेले शेण खताला मुकते, म्हणजे चुलीत वाचलेला पैसा शेतात जातो. कृषितज्ज्ञ हे सांगत आले. परंतु दुसरे इंधन विकत घेण्याची ऐपत नसताना त्या सांगण्याला अर्थ नव्हता.

पुढे रेशनवरील रॉकेल आले, १९८० च्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, गोबरगॅसला अनुदाने मिळाली. गोबरगॅस संयंत्रासाठी घरची जनावरे, मोकळी जागा आणि पाणी लागते. म्हणून ते दुभत्या जनावरांच्या घरी रुजले, भूमिहीनाच्या घरी नाही. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ने, उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याची पद्धत विकसित केली आणि त्या कामास २००२ चा आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ज्या पाल्याला शेतकरी काडी लावीत असे, त्यातून स्वयंपाकाचे इंधन करण्याची ही कल्पना ऊस पट्ट्यासाठी अगदी समर्पक होती. परंतु स्वयंपाकघरात बाजी मारली ती सिलिंडरने. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत जोडणी पोहोचविली. सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च मात्र कुटुंबाकडेच राहिला. त्यामुळे चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवर, अशी दुहेरी व्यवस्था कित्येक घरांत दिसते. तिला मागासलेपण म्हणण्याचे कारण नाही. तो महिनाअखेरीचा नेमका हिशेब आहे.

शेणीचा एक वेगळा प्रवास खास कोल्हापूरचा म्हणावा लागेल. महानगरपालिकेच्या पंचगंगा स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्काराची व्यवस्था आहे आणि तीसाठी होळीच्या निमित्ताने मंडळे, संस्था व नागरिक शेणी दान करतात. होळीत जाळावयाच्या शेणी अशा रीतीने दुसऱ्याच्या घरातील सर्वांत अवघड दिवसाचा खर्च भागवितात. घरात मृत्यू झाला असता सरणाच्या लाकडांसाठी उसनवारी करावी लागत नाही, हे किती मोठे साहाय्य आहे, ते ज्यांच्यावर असा प्रसंग आला त्यांनाच कळेल. वैयक्तिक बचतीच्या कोणत्याही सल्ल्यात या खर्चाचा उल्लेख नसतो.

मिळून खरेदी

दुसऱ्या महायुद्धकाळातील टंचाईत १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. शिधापत्रिका हा शब्द तेव्हापासून मराठी संसाराचा भाग झाला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर प्रांताचे पुरवठा धोरण येथेही लागू झाले. १९७२ च्या दुष्काळात तांबडा मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढल्याच्या आठवणी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अजून सांगितल्या जातात. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या तीत एकत्र आल्या आणि थाळ्या-लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. तेल, रवा, साखर, रॉकेल यांचे भाव हा राजकारणाचा विषय आहे, हे त्या आंदोलनाने ठसविले. काटकसर करण्याचे शिक्षण मिळालेल्या स्त्रीने काटकसर नाकारून भावाचा जाब विचारला, असे त्याचे वर्णन करता येईल.

आंदोलन ओसरते, व्यवस्था टिकते. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. तिची रीत अत्यंत साधी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवितात, माल घाऊक भावाने एकत्र खरेदी होतो आणि एखाद्या सभासदाच्या घरी उतरविला जातो. तेथून वाटप सभासदच करतात. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, उधारी नाही. येथेही श्रम आहेत, परंतु ते आळीपाळीने वाटलेले आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यात हीच प्रेरणा सहकारातून आली. १९३९ मध्ये स्थापन झालेला शेतकरी सहकारी संघ, तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या वारणा समूहाचा वारणा बाजार, साखर कारखान्यांकडून सभासदांना सवलतीत मिळणारी साखर ही त्याची परिचित रूपे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, घरखर्चाची घडीच बदलली. उसाचे पैसे हप्त्याने, महिनोन्‌महिने थांबून मिळतात. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी मिळते. मीठ-मिरची, शाळेची वही, दवाखाना हे खर्च त्या बिलावर भागू लागले आणि वाण्याची उधारी कमी झाली. उधारी कमी होणे हीही बचतच, कारण उधारीचा भाव नेहमीच चढा असतो. म्हशीचे शेणघाण, वैरण आणि धार मात्र पुन्हा बहुतांशी घरातील स्त्रीकडेच आली, आणि बिल पुष्कळदा पुरुषाच्या नावे निघाले.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये व गहू दोन रुपये किलोने देण्याची तरतूद केली. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत देण्यात येऊ लागले. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यामागील राजकीय हेतूंची चर्चा खूप झाली. शंभर रुपयांत फराळ होतो की नाही, ही चर्चा मात्र ज्यांच्या घरी तो झाला त्यांनीच केली.

गांधीनगर आणि हद्द

उचगावच्या शेजारी वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध तेथे राहिले. ते गेल्यानंतर फाळणीमुळे विस्थापित झालेल्या सिंधी कुटुंबांना तेथे आसरा मिळाला आणि त्या वसाहतीचे पुढे गांधीनगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनी थोडक्या नफ्यावर मोठी उलाढाल करण्याच्या पद्धतीने कापडाची घाऊक पेठ उभी केली. आज पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि सीमाभागातील कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधण्यास गांधीनगरला येतात.

लग्नखर्चाचा १८७५ पासूनचा वाद येथे नव्या रूपात भेटतो. घाऊक भावामुळे एका साडीची किंमत उतरली. परंतु बस्ता लहान झाला असे दिसत नाही. आहेराच्या साड्यांची संख्या वाढली. कोणी न नेसलेली साडी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीही ते थांबवीत नाही. वस्तू स्वस्त झाल्याने खर्च घटतोच असे नाही. मानपानाची रीत तशीच राहिली तर वाचलेला पैसा त्याच रीतीत जिरतो. सत्यशोधकांनी भावावर नव्हे, तर रीतीवर बोट ठेवले होते.

घरखर्चाचा आणखी एक मोठा निर्णय म्हणजे राहावे कोठे. कोल्हापूर नगरपालिकेची १९७२ मध्ये महानगरपालिका झाली. पण त्यानंतर अनेक दशके शहराची हद्द वाढली नाही. हद्दीबाहेर गुंठ्याचा भाव कमी, खोलीचे भाडे कमी आणि ग्रामपंचायतीचा घरफाळा हलका. शिवाय केएमटीची बस आणि औद्योगिक वसाहतींतील काम जवळ. अशा कारणांनी उचगाव व तत्सम गावे झपाट्याने वाढली. हद्दवाढीचे प्रस्ताव येत गेले तसतसा या गावांतून विरोध झाला. २०१७ मध्ये मध्यममार्ग म्हणून बेचाळीस गावांसाठी नगर विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले. या विरोधाचे स्पष्टीकरण बहुधा स्थानिक पुढाऱ्यांच्या हितसंबंधांतून दिले जाते. ते अंशतः खरे असेल. परंतु घरफाळा, पाणीपट्टी आणि शेतजमिनीवर पडणारी आरक्षणे यांचा हिशेब प्रत्येक घराने आपापल्या परीने केलेला आहे. शहराच्या सोयी वापरून कर मात्र न देण्याचा आरोप या गावांवर होतो. शहरातील कारखाने, दुकाने आणि घरकामे कमी वेतनात चालतात ती या स्वस्त खोल्यांमुळेच, हे त्या आरोपाच्या वेळी विसरले जाते.

श्रमाची नोंद

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार भारतात घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पुरुषांची नऊ. अंतर जवळजवळ तेवढेच राहिले.

काही बदल मात्र घडत आहे. १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला. भिशी बायकांना नवी नव्हती; बँकेचे खाते नवे होते. या गटांतील स्त्रिया वर्षाची चटणी, पापड, शेवया, भाकरी विकतात. ज्या घरात नवरा-बायको दोघेही कामावर जातात, तेथे चटणीचा किलोचा डबा विकत येतो. जुन्या हिशेबाने ही काटकसर नव्हे, कारण घरी केली असती तर स्वस्त पडली असती. पण त्या डब्यावर लिहिलेल्या किमतीत मिरची, मसाला आणि कांडपणावळ यांच्यापुढे आता मजुरीही धरलेली असते.